डाइव्ह सेंटरचालकांना आणि स्कूबा प्रशिक्षकांना खुलं पत्र: चिंताविकार असलेल्या विद्यार्थ्याला खरं सांगता येईल असं करा

प्रति,
स्कूबा प्रशिक्षण संस्था, डाइव्ह सेंटर चालवणारे आणि सर्व प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

कोर्सच्या पहिल्या सकाळी, होडी सुटायला अर्धा तास उरलेला असताना, विद्यार्थ्याच्या हातात वैद्यकीय प्रश्नावली येते. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. त्यातला सातवा प्रश्न मानसिक आजार, पॅनिक अटॅक, शिकण्यातल्या अडचणी आणि व्यसन या सगळ्यांना एकाच ओळीत बसवतो. त्याला 'हो' म्हटलं की पुढच्या पानावरची ई चौकट भरायची, आणि तिथेही एक जरी 'हो' आलं तरी डॉक्टरच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. पैसे भरून झालेले असतात, सुट्टी काढलेली असते, बरोबरची मंडळी वेटसूट चढवत असतात. चिंताविकारावर वर्षभर औषध घेणारा माणूस अशा वेळी 'नाही'वर खूण करून मोकळा होतो.

त्या एका खुणेचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. प्रशिक्षकाला आपल्या गटातल्या कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते कळत नाही. विद्यार्थ्याला पाण्याखाली छातीत धडधडू लागलं तरी ते कबूल करता येत नाही, कारण कबूल केलं की सकाळची खोटी खूण उघडी पडते. काही जण तर फॉर्मवर खोटं लिहावं लागू नये म्हणून कोर्सच्या आठवडाभर आधी गोळ्याच बंद करतात. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधं एकदम थांबवली की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं आणि उफाळून आलेली चिंता असा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणजे फॉर्म कोरा ठेवण्याच्या धडपडीत माणूस आपल्या सगळ्यात वाईट अवस्थेत पाण्यात उतरतो.

प्रश्नावली चुकीची आहे असं आम्ही म्हणत नाही. ती हवीच. आमची तक्रार तिच्या वेळेबद्दल आहे, आणि तिच्यानंतर काहीच होत नाही याबद्दल. नोंदणी होताच, पैसे घेण्याआधी, निदान तीन-चार आठवडे अगोदर ती पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: 'हो' म्हणजे नकार नव्हे, डॉक्टरकडे जायला वेळ मिळावा म्हणून आम्ही हे आधी विचारत आहोत, आणि डॉक्टरने नाही म्हटलं तर पूर्ण पैसे परत मिळतील. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर वरच्या दोन्हींवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता पाण्याखाली घाबरणं जमिनीवरच्या घाबरण्यापेक्षा वेगळं का, हे थोडं सविस्तर. प्रशिक्षकांनाही ते 'हळू श्वास घ्या' यापलीकडे फारसं शिकवलं जात नाही.

जमिनीवर घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना मुंग्या येतात, हलकं वाटतं, पण जिवाला धोका नसतो. पाण्याखाली गणित उलटू शकतं. 18 मीटरवर दाब 2.8 बार असतो, त्यामुळे रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडापर्यंत पोहोचवणाऱ्या उपकरणातून, येणारी हवा पृष्ठभागावरच्या हवेच्या 2.8 पट दाट असते. ती ओढायला आणि सोडायला जास्त जोर लागतो. घाबरलेला डायव्हर वरच्या वर, तोकडे श्वास घेतो. त्यातला बराचसा भाग तोंड, श्वासनलिका आणि रेग्युलेटर यांच्या पोकळीतच फिरतो, फुप्फुसाच्या आत खोलवर पोहोचत नाही. कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. तो साचला की मेंदू एकच निरोप देतो: हवा कमी पडते आहे. डायव्हर आणखी भराभर श्वास घेतो, पाय जोरात मारतो, वायू आणखी साचतो. रेग्युलेटर उत्तम चाललेला असतो, सिलिंडर अर्धा भरलेला असतो, आणि तरीही माणसाची खात्री पटलेली असते की आपण गुदमरतो आहोत. तोंडातला रेग्युलेटर थुंकून टाकणारे डायव्हर वेडेपणा करत नसतात. त्यांच्या शरीराच्या दृष्टीने श्वास अडवणारी वस्तू तीच असते.

पॅनिक डिसऑर्डर (तीव्र भीतीचे अटॅक अचानक, वारंवार येण्याचा विकार) असलेल्यांमध्ये हा निरोप लवकर आणि मोठ्या आवाजात येतो. प्रयोगशाळेत 35 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला ऑक्सिजन अशा मिश्रणाचा एकच श्वास दिला, तर त्यांच्यातल्या अनेकांना अटॅकसारखा त्रास होतो. निरोगी माणसांपैकी बहुतेकांना होत नाही. डोनाल्ड क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने 1993 मध्ये मांडलं होतं की अशा लोकांमधली गुदमरण्याची धोक्याची घंटा खोटीच वाजते. या मांडणीवर वाद झाले आहेत, पण डाइव्ह प्रशिक्षकाने ती डोक्यात ठेवावी, कारण आपण शिकवतो तो खेळच त्या घंटेच्या दोरीला धरून चालतो.

हवेचा हिशेबही विद्यार्थ्याला आकड्यांत दाखवा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार म्हणजे 2400 लिटर हवा. 50 बार राखीव ठेवले तर वापरायला 1800 लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला 15 लिटर या शांत वेगाने श्वास घेणाऱ्याला 18 मीटरवर मिनिटाला 42 लिटर लागतात, म्हणजे सुमारे 43 मिनिटं मिळतात. तोच माणूस घाबरून 40 लिटरच्या वेगाने श्वास घेऊ लागला तर 112 लिटर लागतात आणि 16 मिनिटांत राखीव हवेला हात लागतो. चिंता असलेल्या विद्यार्थ्याला हे आकडे घाबरवतील असं वाटतं, पण बहुतेक वेळा उलट होतं. मोजता येणाऱ्या गोष्टीची भीती धूसर गोष्टीपेक्षा कमी असते. त्याच्याशी ठरवून घ्या की दर तीन मिनिटांनी गेज (सिलिंडरमधला दाब दाखवणारा मापक) पाहायचा आणि आकडा बोटांनी दाखवायचा. मनालाही काम मिळतं.

मग अपघात होतो तो कुठे? बहुधा वर येताना. भीतीचा पहिला हुकूम 'वर पळ' असा असतो आणि भेदरलेला माणूस नकळत श्वास रोखतो. 10 मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुसं काठोकाठ भरलेली असतील तर जेमतेम सव्वा-दीड मीटरचं अंतरही ती फाटायला आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जायला पुरतं. म्हणून आमच्या मते चिंताविकार असलेल्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी पक्कं करायचं कौशल्य एकच: कसंही वाटत असलं तरी श्वास सोडत राहणं, आणि मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर न येणं. बाकी सगळं नंतर.

इथे एक धोका नीट समजून घ्या. चिंतेवर उपचार घेणाऱ्या अनेकांना श्वासाचा एक चौकोनी व्यायाम शिकवलेला असतो: चार आकडे श्वास आत, चार रोखून, चार बाहेर, चार रोखून. जमिनीवर तो उपयोगी आहे. दाबाखालची हवा घेताना तो धोकादायक आहे, कारण रोखण्याच्या त्या चार आकड्यांत डायव्हर थोडा वर सरकला तरी पुरे. विद्यार्थ्याला सरळ विचारा की घाबरल्यावर तुम्ही कोणता श्वास वापरता. उत्तरात रोखणं असेल तर कोरड्या जमिनीवरच पर्याय बसवा: चार आकडे आत, सहा ते आठ आकडे बाहेर, मध्ये थांबा नाही, बाहेर जाणाऱ्या बुडबुड्यांच्या आवाजावर लक्ष. हा व्यायाम आधी खुर्चीत रेग्युलेटर तोंडात धरून, मग उथळ पाण्यात चेहरा बुडवून, मग तळाशी गुडघे टेकून. दोन आठवडे रोज दहा मिनिटं घरी करून आलेला विद्यार्थी आणि पाण्यात पहिल्यांदा ऐकणारा विद्यार्थी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्रश्नावली आधी पाठवण्याचा आग्रह याचसाठीही आहे.

मास्क काढण्याच्या सरावाबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण कोर्स सोडून जाणारे बरेच जण याच पायरीवर अडखळतात. नाकावर आणि डोळ्यांभोवती थंड पाणी लागलं की शरीर आपोआप दचकून श्वास ओढतं. तोंडाने श्वास घेत असताना नाक बंद ठेवणं हे घशाच्या मागच्या पडद्याचं काम आहे. सवय नसलेल्यांना ते जमत नाही आणि नाकातून पाणी आत जातं. यात धैर्याचा काहीही संबंध नाही. शरीराला शिकवायची ती एक हालचाल आहे, पोहण्यातल्या हातासारखी.

नेहमीची पद्धत अशी: गट तळाशी ओळीत गुडघ्यावर बसतो, एकेकाने सगळ्यांसमोर मास्क पाण्याने भरायचा, मग काढायचा, मिनिटभर तसंच बसायचं. ज्याचा विकार मुळात चारचौघांत फजिती होण्याच्या भीतीचा आहे, त्याच्यासाठी याहून कठीण मांडणी शोधूनही सापडणार नाही. त्याऐवजी हा क्रम वापरून पाहा. पहिल्या दिवशी छातीइतक्या पाण्यात उभं राहून, मास्क न लावता, तोंडात स्नॉर्केल (श्वासाची वाकडी नळी) धरून फक्त चेहरा बुडवायचा आणि दहा श्वास मोजायचे. नाकातून पाणी गेलं तर उभं राहायचं, इतकंच. दहाचे वीस, वीसचे तीस. मग स्नॉर्केलच्या जागी रेग्युलेटर. मग मास्क लावून त्यात थोडंसं पाणी, नाकपुड्यांपर्यंत. तसंच पाच श्वास राहायचं, साफ करण्याची घाई नाही. मग अर्धा मास्क. मग पूर्ण, डोळे मिटून. काढणं सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही प्रशिक्षकाचा एक हात विद्यार्थ्याच्या दंडावर. साफ करताना नेहमी होणारी चूक अशी की विद्यार्थी मान मागे टाकतो आणि मास्कची वरची कड दाबायच्या आधीच नाकाने फुंकतो. पाणी निघत नाही, नाकात उलटं जातं, आणि गडबड सुरू होते. आधी कड दाबा, मग नाकाने हळू सोडायला लागा, मग मान वर, या क्रमाने हात धरून शिकवा. एका सत्रात हे सगळं झालं नाही तर दुसरं सत्र घ्या.

मानसोपचारात भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याची पद्धत आहे आणि वरचा क्रम तिच्यावरच बेतलेला आहे. पण एक फरक विसरू नका. जमिनीवर उपचार करणारे सांगतात की भीती शिगेला पोहोचली तरी पळू नका, ती आपोआप उतरेल. हे पाण्यात फक्त तिथेच लागू आहे जिथे उभं राहिलं की डोकं बाहेर येतं. 12 मीटरवर कोणालाही 'थांब, निभावेल' म्हणून खाली धरून ठेवू नका. तिथे 'वर जाऊ या' या खुणेचा अंगठा पहिल्यांदा वर आला की डाइव्ह संपली. श्वास लागला असेल तर आधी दोरीला किंवा तळाला धरून दोन-तीन लांब उच्छ्वास, मग सोबतीने सावकाश वर.

साहित्याकडे येऊ. घाबरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी मनात नसून गळ्याभोवती असतात. वेटसूटची कॉलर घट्ट असेल तर मानेच्या धमनीवर दाब येतो, गरगरतं, गुदमरल्यासारखं वाटतं. विद्यार्थ्याला वाटतं अटॅक आला. भाड्याचा सूट देताना कॉलरमध्ये दोन बोटं सहज जातात का ते पाहा. बीसीडीचा (तरंगणं कमी-जास्त करण्यासाठी हवा भरायचं जाकीट) छातीचा पट्टा पूर्ण फुगवलेल्या अवस्थेत तपासा, रिकाम्या अवस्थेत नव्हे. मास्कची कड पारदर्शक सिलिकॉनची द्या. बाजूने उजेड येतो, बंदिस्त वाटत नाही. पाण्यात खाली जाण्यासाठी अंगावर लावायचं शिशाचं वजन जास्त देण्याची सवय तर सोडायलाच हवी. नवखा खाली जात नाही म्हणून दोन किलो वाढवले की बीसीडीत जास्त हवा भरावी लागते, पाय खाली लोंबकळतात, उभ्याने पाणी कापताना धाप लागते, आणि धाप लागली की वर सांगितलेलं चक्र सुरू. बीसीडी रिकामी, श्वास नेहमीसारखा घेतलेला, पाण्याची रेघ डोळ्यांशी, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडणं: इतकं वजन पुरे. अॅल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असेल तर त्यातली सव्वादोन-अडीच किलो हवा शेवटी नसेल, एवढाच हिशेब वर धरायचा. चिंतेत असलेला नवखा सुरुवातीला श्वास पूर्ण सोडतच नाही, म्हणून तरंगतो. त्याला वजन नको, एक मिनिट हवं.

खाली जाताना दोरी असू द्या. निळ्या पाण्यात खाली-वर कळत नाही आणि आधार नसण्याची भावना अनेकांना सगळ्यात जास्त टोचते. पाय खाली, एक हात दोरीवर, दर दोन मीटरला थांबून खूण.

औषधांबद्दलचा निर्णय डॉक्टरचा आहे, तुमचा नाही. पण मोघम नियम लावून माणसं परत पाठवली जातात, म्हणून थोडं. एस.एस.आर.आय. गटातलं (सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम ज्यात येतात तो गट) एकच औषध, काही महिने न बदललेला डोस, गुंगी नाही, लक्षणं आटोक्यात, अशा माणसाला डायव्हिंग वैद्यक जाणणारे डॉक्टर पुष्कळदा परवानगी देतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांची गोष्ट वेगळी: ती गुंगी आणतात, खोल पाण्यात दाबाखालच्या नायट्रोजनमुळे येणाऱ्या नशेत भर घालतात, आणि निर्णय मंदावतात. 'होडीवर अर्धी गोळी घेतो, मग बरं वाटतं' असं कोणी म्हणालं तर त्या दिवशी त्याला उतरवू नका. बुप्रोपियान आणि क्लोमिप्रामीन या औषधांनी फिटचे (आकडीचे) झटके येण्याचा धोका वाढतो. पाण्याखाली फिट म्हणजे बुडणं. धडधडीवर दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल जोरात पोहण्याची ताकद कमी करतं आणि दम्याच्या रुग्णाला घातक ठरू शकतं. डॉक्टरकडे पाठवताना नुसता कोरा कागद देऊ नका. डाइव्ह किती खोल, पाणी किती थंड, प्रवाह आहे का, किती विद्यार्थ्यांमागे एक प्रशिक्षक, हे लिहून द्या. पोहण्याच्या तलावातला सराव आणि प्रवाहातली 18 मीटरची डाइव्ह यांत फरक आहे हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असेलच असं नाही.

आणि ज्यांनी आत्ता उतरू नये असे लोक आहेत. त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. काहीही कारण नसताना अचानक अटॅक येतात आणि ते अजून चालू आहेत, औषध नुकतंच सुरू झालं किंवा बदललं आहे, भीतीमुळे घराबाहेर पडणंही अवघड झालं आहे, किंवा स्वतःची इच्छा नसून जोडीदाराच्या आग्रहाखातर आले आहेत. शेवटचा गट वैद्यकीय फॉर्मवर कधीच दिसत नाही. एकांतात एक प्रश्न विचारला तर लगेच कळतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी डायव्हरमधल्या पॅनिकचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्यांचा स्वभावच चिंतेकडे झुकलेला आहे अशा नवशिक्यांना पाण्यात पॅनिक होण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. हा धोका आम्ही नाकारत नाही. पण त्यांच्याच पाहणीत पॅनिक किंवा त्याच्या जवळपासचा अनुभव आलेल्या डायव्हरांची संख्या मोठी होती, आणि ते सगळे काही रुग्ण नव्हते. म्हणजे पॅनिक ओळखायला शिकणं प्रत्येक प्रशिक्षकाचं काम आहे. डेकवरच ते दिसतं: साहित्य जोडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ, तीच बकल तीनदा तपासणं, एकदम गप्प होणं किंवा सारखं बोलणं, वारंवार शौचालयात जाणं. पाण्याखाली बुडबुडे बघा. शांत डायव्हरचे बुडबुडे झुबक्या-झुबक्याने येतात, मध्ये अंतर असतं. घाबरलेल्याचा प्रवाह अखंड असतो. मग डोळे मोठे, नजर एकाच जागी खिळलेली, खुणेला उत्तर उशिरा, शरीर उभं, पाय सायकल चालवल्यासारखे. उत्तर येणं बंद झालं की समजावण्याची वेळ गेलेली असते. बीसीडीचा पट्टा धरा, नजरेला नजर द्या, रेग्युलेटर तोंडातून निघू नये म्हणून त्यावर हात ठेवा आणि वेगावर ताबा ठेवत वर आणा. पृष्ठभागावर तो तुमच्या अंगावर चढेल, म्हणून मागून जा, सिलिंडरची मान धरा, त्याची बीसीडी फुगवा, वजन टाका. घाबरलेला माणूस स्वतः वजन टाकत नाही. हे आधीच गृहीत धरा.

'ठीक आहे' आणि 'अडचण आहे' यांच्यामधली एक खूण प्रत्येक कोर्समध्ये असावी, अशी आमची प्रशिक्षण संस्थांना विनंती आहे. सपाट तळवा छातीवर ठेवणं, अर्थ: मन घाबरलं आहे, साहित्य ठीक आहे, थांबू या. आज विद्यार्थ्याकडे दोनच पर्याय असतात आणि लाजेपोटी तो 'ठीक आहे' दाखवत राहतो.

दुसरी विनंती संख्येची. नियमांत एका प्रशिक्षकामागे आठपर्यंत विद्यार्थी चालतात. ज्याने सातव्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं आणि डॉक्टरची सही आणली, त्याला पहिल्या दोन खुल्या पाण्यातल्या डाइव्ह एकास एक किंवा दोनास एक मिळाव्यात. त्यासाठी जादा पैसे घेऊ नका; खरं बोलण्यावर दंड लागला की पुढचा विद्यार्थी पुन्हा 'नाही'वर खूण करेल. तिसरी विनंती: स्वतःहून डाइव्ह संपवणाऱ्याला होडीवर 'काय झालं?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. पाणी द्या, टॉवेल द्या, सिलिंडर उतरवायला मदत करा. बोलायचं असेल तर तो बोलेल.

आपले,
पाण्याखाली शिकवणारे आणि चिंताविकारावर उपचार करणारे आम्ही काही जण

ता. क. मलेरिया टाळण्यासाठी घेतलं जाणारं मेफ्लोक्विन काही जणांत चिंता, भीषण स्वप्नं आणि पॅनिकसुद्धा निर्माण करतं, आधी कधी असा त्रास नसला तरी. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रीनने धडधड वाढते, रिकाम्या पोटी घेतलेल्या कडक कॉफीनेही. डाइव्हच्या सकाळी 'गेल्या चोवीस तासांत काय घेतलं?' हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा.